बोलायला परवानगी कोणाची?

(जिल्हा मेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर आमच्या नावापुढे 'कापसाचे भाव' असा विषय छापला आहे. तो दुपारी होईल, कोणी उठून जाऊ नये. त्याआधी एक बाकी राहिलेली थकबाकी भरायची आहे. ती सोसायटीची नाही, आमची स्वतःची आहे.

गेल्या मेळाव्यात एक तरुण कास्तकार प्रश्न विचारायला उभा राहिला होता. तुमच्यापैकी अनेकांनी त्याला पाहिले आहे. त्याने खेडा खरेदीत कापूस दिला होता. काटा व्यापाऱ्याचा, गाडी व्यापाऱ्याची, भावही त्याचाच. निम्मे पैसे रोख मिळाले आणि उरलेले 'पंधरा दिवसांत' मिळणार होते. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. तो विचारत होता, "तुम्ही खुला बाजार मागता, ठीक आहे. पण माझ्या गावात बाजार उघडाच आहे, इतका उघडा की व्यापारी पळून गेला. त्याला धरायचे कोणी?" प्रश्न इथपर्यंत आला आणि त्याच्या हातातून माईक काढून घेतला गेला. काढणारा कार्यकर्ता होता, पण त्याला हाताने खूण करणारे आम्ही होतो.

एवढ्यावर हे थांबत नाही. मेळाव्याच्या आधी महिनाभर त्याने हीच गोष्ट पत्राने या अंकासाठी पाठवली होती. आम्ही ती वाचली, चांगली लिहिली आहे असे म्हटले आणि खालच्या कप्प्यात ठेवून दिली. का? तर विरोधकांच्या हाती कोलीत नको. हे वाक्य आम्ही त्या दिवशी मोठ्या शहाणपणाने बोललो. पुढे कळले की ते आमचे नव्हेच. शंभर-सव्वाशे वर्षे ज्याने ज्याने दुसऱ्याचे तोंड दाबले, त्या प्रत्येकाच्या तोंडी ते होते.

म्हणून आज थोडा इतिहास सांगायचा आहे. तोंड दाबायचा धंदा एकटे सरकारच करते, अशी आपली समजूत असते. आमचीही होती.

सुरुवात आपल्याच घरातून करू. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. शेतसारा, सावकार, कुळकर्ण्याची लेखणी, कोर्टकचेरी, जंगलखाते, पाटबंधाऱ्याचे पाणी, सगळे त्यात आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची अवस्था इतक्या तपशिलाने त्याआधी मराठीत कोणी मांडली नव्हती. हे पुस्तक 'दीनबंधू'त क्रमाने यायचे होते. 'दीनबंधू' म्हणजे सत्यशोधक चळवळीचे आपले पत्र. ते चालवत होते नारायण मेघाजी लोखंडे, मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, अत्यंत मोठ्या मनाचे गृहस्थ. पहिली दोन प्रकरणे छापली गेली आणि पुढची छापायला लोखंडे कचरले. सरकारची खप्पामर्जी होईल ही धास्ती. जोतीराव संतापले आणि भित्र्या पत्रकर्त्यांबद्दल त्यांनी लिहूनही ठेवले. १८९० साली ते वारले, पण त्यांच्या हयातीत तो असूड सगळाच्या सगळा छापून निघाला नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तो वाचून घेतला, पण ज्याच्यासाठी लिहिला त्या शेतकऱ्याच्या हाती तो पडला नाही.

आता यातली खोच बघा. १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांवर कायदा बसवला होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, मराठी, बंगाली, हिंदीला लागू होता. दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची ती वर्षे. साहेबाच्या भाषेत टीका चालेल, पण जी टीका खेड्यात वाचून दाखवली जाईल ती नको, असा त्याचा सरळ अर्थ होता. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने एका रात्रीत भाषा बदलली आणि इंग्रजीत निघू लागली, म्हणजे हा कायदाच तिला लागेना. पुढे रिपनच्या काळात, १८८२ साली, तो कायदा रद्द झाला. म्हणजे लोखंडे कचरले तेव्हा कायदा आधीच उठलेला होता! राजद्रोहाचे १२४-अ कलम १८७० पासून डोक्यावर होते हे खरे, पण त्यासाठी कोणी दारात आलेले नव्हते. बैलाला खुंट्याची सवय झाली की दावे सोडले तरी तो तिथेच उभा राहतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

लोखंड्यांना दोष द्यायला आम्ही उभे नाही. ज्याने आपल्याच तरुणाचे पत्र कप्प्यात टाकले त्याने लोखंड्यांना काय बोलावे?

पुढचा प्रसंग १८९६-९७ च्या दुष्काळाचा. सरकारचाच एक दुष्काळ संहिता नावाचा नियमग्रंथ होता. पीक बुडाले तर साऱ्याची तहकुबी किंवा सूट कधी, कामे कधी काढायची, हे त्यात लिहिलेले होते. पण होते इंग्रजीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे त्या वेळी टिळकांच्या मंडळींनी, त्याचे मराठी करून गावोगाव वाटले आणि 'केसरी'तून सांगितले की, ज्याच्या घरात दाणा नाही त्याने भांडी विकून सारा भरू नये, नियम तुमच्या बाजूचा आहे. यात राजद्रोह कुठे होता? सरकारचेच पुस्तक वाचून दाखवले, एवढेच. १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा लागली.

१९०८ चा दुसरा खटला तुम्ही शाळेत शिकला आहात. सहा वर्षे काळे पाणी, मंडाले. शाळेत एक गोष्ट सांगत नाहीत. लेख मराठीत होते आणि ज्युरीतल्या नऊ जणांत मराठी जाणणारे कोणी नव्हते. खटला चालला तो भाषांतरावर. टिळकांनी स्वतः उभे राहून सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी केली, एकेका शब्दावर वाद घातला. सात युरोपियनांनी दोषी म्हटले, दोन पारशांनी निर्दोष. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर! माणूस तोच, फक्त खुर्ची बदलली. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले.

आता हेही ऐकून घ्या, म्हणजे एकाच बाजूचे ऐकल्यासारखे होणार नाही. १९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात, पैसे देऊन छापायची जाहिरात, 'केसरी'ने घेतली नाही. राजद्रोहासाठी दोनदा तुरुंग पाहिलेल्या संपादकाचे हे पत्र. ज्याचे तोंड एकदा दाबले गेले तो दुसऱ्याचे दाबणार नाही, अशी कोणी हमी देऊ नये. आमच्याकडून तर मुळीच घेऊ नये.

इंग्रज गेला. १९५० च्या घटनेने एकोणिसाव्या कलमात बोलण्याचे स्वातंत्र्य दिले. दीड वर्ष पुरे व्हायच्या आत, १९५१ च्या जूनमध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली. अजून पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. मुंबईचे 'क्रॉस रोड्स' हे डाव्यांचे साप्ताहिक आणि दिल्लीचे 'ऑर्गनायझर' हे उजव्यांचे, दोन्हींच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिले होते. ते सरकारला मानवले नाहीत. म्हणून सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी ही नवी कारणे घालून बोलण्याच्या हक्काला कुंपण घातले. 'वाजवी निर्बंध' यातला वाजवी हा शब्द तेवढा पदरात पडला.

त्याच दुरुस्तीने, त्याच दिवशी, घटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले. त्यात घातलेल्या कायद्याविरुद्ध मूलभूत हक्काच्या नावाने कोर्टात जायचे नाही. सुरुवातीला तेरा कायदे होते, आज २८४ आहेत. त्यांतले बहुतेक जमिनीचे. पुढे १९७६ साली आवश्यक वस्तू कायदाही त्यात जाऊन बसला. १९७३ नंतर घातलेले कायदे तपासता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली म्हटले, पण तपासायला जाण्याएवढा खर्च कोणत्या कोरडवाहू माणसाला परवडतो? तेव्हा पत्रकाराचे तोंड आणि शेतकऱ्याचे कोर्टाचे दार, दोन्हींवर एकाच कागदाने हात पडला. पत्रकार मित्र आम्हाला विचारतात, हा विषय तुमचा कसा? तो असा.

आता सगळ्यात आपल्या कामाची गोष्ट. ती पुण्याच्या 'सकाळ'ची आहे. १९५६ साली सरकारने एक कायदा केला आणि १९६० साली त्याखाली हुकूम काढला की, इतक्या पैशांत इतकीच पाने. जास्त पाने द्यायची तर किंमत वाढवा. 'सकाळ' तेव्हा सात नव्या पैशांना मिळत होता. त्याला एकतर पाने तोडावी लागणार किंवा किंमत चढवावी लागणार, आणि किंमत चढली की गिऱ्हाईक तुटणार. सरकार काय म्हणाले? आम्ही कोणाच्या लिहिण्यावर बोट ठेवत नाही. मोठी पत्रे स्वस्तात जास्त पाने देऊन छोट्यांना मारतात, छोट्यांना वाचवायचे आहे. हा तर धंद्यावरचा नियम आहे, जनहितासाठी.

ओळखीचा वाटतो ना हा सूर? गरिबाला ज्वारी स्वस्त मिळावी म्हणून आपल्या बापांनी लेव्ही भरली. शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून वाचवायचे म्हणून १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि आपला कापूस राज्याबाहेर नेला तर चोरी ठरू लागली. जिथे जिथे सरकारला भावावर हात ठेवायचा असतो, तिथे तिथे कोणीतरी छोटा वाचवायचा असतो.

'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६१ च्या सप्टेंबरात निकाल लागला आणि कायदा व हुकूम दोन्ही उडाले. निकाल लिहिला न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकरांनी. आपल्या अमरावतीच्या रावबहादुर रघुनाथराव मुधोळकरांचे हे चिरंजीव. तर्क साधा होता. पत्र किती लोकांपर्यंत जाते, हा बोलण्याच्या हक्काचाच भाग आहे. पानांवर आणि किमतीवर ताबा म्हणजे बोलण्यावर ताबा. धंद्यावर जनहितासाठी बंधने घालता येतात, पण बोलण्यावर घालायच्या बंधनांची जी यादी घटनेत आहे तिच्यात जनहित हा शब्दच नाही. तेव्हा धंद्याच्या दाराने आत शिरून बोलण्याचा गळा धरता येणार नाही.

पुढे दहा वर्षांनी सरकारने कागदाच्या कोट्यावरून तेच करून पाहिले. कागद परदेशातून यायचा, वाटप सरकारकडे. दहापेक्षा जास्त पाने नकोत म्हणाले. १९७२ साली न्यायालयाने तेही मोडले.

आम्ही हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा आनंद झाला आणि मग रागही आला. छापलेल्या कागदाच्या भावावर हात ठेवला तर स्वातंत्र्य जाते, हे न्यायालयाला कळले. कापसाच्या बोंडाच्या भावावर हात ठेवला तर काय जाते? तो आपला धंदा आणि धंद्याला जनहित लागू. बोलणाऱ्याचा हक्क एका खणात, पिकवणाऱ्याचा दुसऱ्या खणात. आमच्या मते हे दोन खण वेगळे नाहीत. ज्याचे पोट तहसीलच्या सहीवर चालते तो तहसीलदाराविरुद्ध किती मोठ्याने बोलेल?

आणीबाणीचे फार सांगत नाही, त्यावर पुष्कळ बोलले जाते. २५ जून १९७५ ची रात्र, दुसऱ्या दिवसापासून बातमी आधी सरकारी माणसाला दाखवून मगच छापायची. त्या डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. बाईंनी मंत्र्यांच्या देखत लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल सांगितले आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. मिनू मसानी आपल्या 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्या मासिकातला कापलेला मजकूर घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, जिंकले. मोठमोठ्या दैनिकांना जे सुचले नाही ते एका चिमुकल्या मासिकाने केले. आपला अंक तर त्याहून लहान आहे.

मध्ये आमची एक गोष्ट. शेतीची पदवी घेऊन आम्ही काही वर्षे सरकारी नोकरीत होतो. तालुका सांगत नाही, साहेबही सांगत नाही. त्या वर्षी पाऊस ऑगस्टात गेला तो गेलाच. पीक कापणीचा प्रयोग घेतला, ज्वारीची कणसे तोलली, आकडा वहीत लिहिला. संध्याकाळी निरोप आला की पैसेवारी पन्नासच्या खाली जाता कामा नये, वजन पुन्हा बघा. पुन्हा काय बघणार? कणसे तर जनावरांपुढे गेली होती. आम्ही वजन पुन्हा 'बघितले'. कोणी धमकी दिली नाही, लेखी हुकूम नाही, कोणते कलम नाही. पन्नासच्या वर आकडा बसला आणि त्या गावाची सवलत गेली. त्या गावचा एक म्हातारा नंतर चावडीवर भेटला तेव्हा फक्त एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही तं तोलताना होता ना?" नोकरी त्यानंतर दोन वर्षे केली. दुष्काळाचा आकडा दाबणे ही देखील सेन्सॉरशिपच आहे, आणि ती करायला सेन्सॉर लागत नाही, आमच्यासारखा पदवीधर पुरतो.

आताची स्थिती थोडक्यात. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरला दोन मुलींना अटक झाली. मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्या म्हणून खूण केली. ज्या ६६-अ कलमाचा त्यावरून देशभर बोभाटा झाला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. राजद्रोहाचे १२४-अ मे २०२२ मध्ये न्यायालयाने थांबवले. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण १५२ वे कलम आहे, आणि त्याचा पल्ला जन्मठेपेपर्यंत जातो. आपल्या राज्यात जनसुरक्षा विधेयक २०२५ च्या जुलैत विधिमंडळाने दुरुस्त्यांसह मंजूर केले. २०२४ च्या मूळ मसुद्यात बेकायदेशीर कृत्यांच्या व्याख्येत कायद्याची अवज्ञा करायला सांगणे हेही होते, बोलून, लिहून किंवा खुणेने. विधेयक नक्षलवाद्यांसाठी आहे असे सांगतात. असेल. पण २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात तणनाशक सहन करणारे बिगरपरवान्याचे कापूस बियाणे शेतकऱ्यांनी जाहीर सभा घेऊन पेरले, त्या सभेतली भाषणे या व्याख्येत कुठे बसली असती? बियाण्याबद्दल आमचे मत काही असो, तुमचे काही असो. प्रश्न भाषणाचा आहे.

आता अवघड जागेवर येतो. २०२० च्या तीन कायद्यांना आमच्यातल्या पुष्कळांचा पाठिंबा होता. पंजाब-हरियाणाचे शेतकरी विरोधात दिल्लीच्या सीमेवर बसले. २०२१ च्या जानेवारीच्या अखेरीस सिंघू, टिकरी आणि गाझीपूरला इंटरनेट बंद केले. १ फेब्रुवारीला 'किसान एकता मोर्चा'चे ट्विटर खाते सरकारच्या सांगण्यावरून काही तास बंद झाले, त्याच्यासोबत आणखी कितीतरी. २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा मोर्चा निघाला, तेव्हा हरियाणातल्या सात जिल्ह्यांत मोबाईलचे इंटरनेट बंद. आज भाव फोनवर, सातबारा फोनवर, पैसे फोनवर. तेव्हा हे नुसते तोंड बंद करणे नव्हे, दुकानही बंद करणे आहे.

त्या वेळी आम्ही काय लिहिले? जुने अंक काढून पाहिले. कायद्यांच्या बाजूने तीन लेख आहेत. इंटरनेटबद्दल एक ओळ नाही. ते आमच्या विरुद्ध बोलत होते, म्हणून त्यांचे तोंड बंद झाले तेव्हा आम्हाला ऐकू आले नाही. कायदे चांगले होते असे आम्हाला आजही वाटते. पण समोरच्याचा फोन बंद करून जिंकलेला वाद आम्ही कोणाला जिंकला म्हणून सांगणार?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. खुल्या बाजारात फसवणाऱ्याला धरणारी यंत्रणा हवी, ती गावापासून जवळ हवी, आणि त्याविषयी आम्ही आजवर नीट विचार केलेला नाही. एवढेच उत्तर आज आमच्याकडे आहे. गेल्या वेळी हेही नव्हते, म्हणूनच माईक काढला.

त्याचे पत्र या अंकात छापले आहे. एक शब्द बदललेला नाही, शुद्धलेखनही नाही. व्यापाऱ्याचे नाव मात्र वकिलांच्या सांगण्यावरून गाळले आहे, ते त्याला विचारून. यापुढे संघटनेच्या विरुद्ध आलेले पत्र न छापायचे ठरले तर ते कोणी ठरवले आणि का, हे त्याच अंकात छापले जाईल. हा ठराव कार्यकारिणीत काल रात्री मांडला, दोन जण विरुद्ध होते. त्यांचे म्हणणेही पुढच्या अंकात येईल.

तो आज आला आहे की नाही, आम्हाला ठाऊक नाही. निरोप पाठवला होता. मंचावरचा हा माईक काढून खाली मधल्या रांगेत नेऊन ठेवा. वायर पुरत नसेल तर सतरंजी पुढे ओढा. दुपारच्या सत्राला अजून पाऊण तास आहे. ज्यांना आमच्या विरुद्ध बोलायचे आहे त्यांनी आधी यावे.